सातव्या इंजिनाचं पाणी

बसा. लाइट साडेसातशिवाय येत नाहीत, तोवर कंदील पुरे. माझ्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या अंजनगावाला माहीत आहे. ही गोष्ट मात्र अजून कुणाला सांगितली नाही. लाज वाटते.

त्या दुपारी मी ज्वारी दळायला चक्कीवर गेले होते. पण आधी अन्सारचाचांचं सांगते.

चाचा माझे शेजारी. आपल्या लहान रुळाच्या गाडीवर वाफेची इंजिनं होती तोवर फायरमन होते. म्हातारपणी एका वहीत त्या इंजिनांचा इतिहास लिहीत. पहिल्या जातीची सात इंजिनं, जहाजातून सुटी सुटी आलेली.

"याइले मांगं पान्याचा डबा नाही, बेटी," ते मला समजावत. "पानी दोन्ही कुशीत घेऊन धावतात. लेकुरवाळ्या बाईवानी."

म्हणून ती घडीघडी पाणी घ्यायला थांबत. वहीत एकेका इंजिनाला एक पान : कधी आलं, कोणी चालवलं, भंगारात कधी गेलं. सातव्याच्या पानावर शेवटची तारीख नव्हती.

"ते माह्या घरी हाय," म्हणत चाचांनी गादीखालून पितळी नंबरपट्टी काढली. इंजिन तोडलं त्या दिवशी शेडच्या साहेबानं दिलेली. कागद नाही, नुसती हातात. "कोनाले सांगजो नको."

एक रीत होती तेव्हा. घरात बाळंतीण असली की रुळाकडेला बादली ठेवायची. इंजिन थांबलं की फायरमन तोटी उघडून कढत पाणी भरून द्यायचा. बादली कोणाची, विचारायचा नाही. माझ्या शिवमच्या वेळी सव्वा महिना चाचांनी माझी जस्ताची बादली भरली. त्या पाण्याला कोळशाचा अन् तेलाचा वास यायचा.

तर चक्कीवर. यंदा कापसानं दगा दिलेला, लोक इंजिनपंप, वखरं भंगारात घालत होते. रुळांचे खिळेही चोरीला जात. बायका त्याच चोऱ्यांबद्दल बोलत होत्या. मलाही काहीतरी सांगायचं होतं.

"आमच्या चाचाकडं तं खुद्द इंजिनाचं पितळ हाय," मी म्हणाले. "गादीखाली."

पीठ घेऊन घरी आले. भाकरी केल्या.

तिसऱ्या दिवशी रेल्वे पोलिसांची जीप आली. गल्ली जमली. गादी अंगणात फेकली, पट्टी सापडली. जीपमध्ये चढताना चाचा माझ्या दाराकडे पाहून म्हणाले, "भागीरथा, तुले तं मालूम हाय न, मले कशी भेटली ते? सांग न याइले."

मी दाराआड होते. कडीवर हात होता. कडी काढली नाही.

संध्याकाळी त्यांना सोडलं. पट्टी ठेवून घेतली. चाचा पुन्हा ओट्यावर बसले नाहीत. बाराव्या दिवशी गेले. त्यांची बायको, नसीमचाची, स्वतः वही घेऊन आली.

"तुमालेच द्या म्हने. तुमी एकट्याच आयकत होत्या."

मी घेतली.

त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी पावणेतीनला, दाराबाहेर पालथी घातलेली माझी बादली सुलटी होती. काठोकाठ भरलेली. वाफा निघत होत्या. वर तेलाचा तवंग, तळाला कोळशाची कणी. सुनेनं भरली म्हणावं, तर आकांक्षा बार्शीटाकळीला माहेरी. मी पाणी नालीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पावणेतीनला. वाफेची गाडी थांबायची ती वेळ.

मग मी उंबऱ्यात बसून राहिले, नजर न हलवता. बादली रिकामी... गल्लीत कुत्रंही नाही. मग पायांना ऊब लागली, भट्टीचं दार कोणी उघडावं तशी... आणि बादली भरलेली होती.

चाचा रागावले असते तर मी हात जोडले असते. ते पाणी भरून देतात हो... बादली कोणाची, विचारत नाहीत.

उद्या चाचीला सांगीन, असं रोज ठरवते. तिच्या दारापर्यंत जाते. ती म्हणते, "या, चाय घ्या," आणि मी चहा पिऊन परत येते.

आज मी बादली घरात आणली. पालथी घातली, वर पाटा ठेवला. पावणेतीन वाजून गेले, काही झालं नाही. मला वाटलं, सुटले.

तुमच्या पाठीमागेच आहे ती बादली. नका, उठू नका... जरा हात मागे नेऊन जमिनीला लावा, ओली, कढत लागते का?

मला मघापासून वास येतो आहे. कंदिलाचा नाही तो.