दळलेलं दळण

मिरजगावच्या बाजाराच्या टोकाला सूर्यभानची पिठाची गिरणी. इंजिनाच्या धुराड्यावर उपडं मडकं, त्यामुळं तिचं पुक्-पुक् पार माळापर्यंत ऐकू जायचं. बहात्तरच्या दुष्काळात दळायला होतं काय, तर रेशनवरची अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो.

रंगनाथ गिरणीची पायरी चढला तो बायको गेल्यावर. छबूबाई असेतो घरचं दळण जात्यावरच. पहाटे ती आणि थोरली जाऊ साळूबाई समोरासमोर बसायच्या, आणि छबूबाई गळा सोडायची:

पहाटंच्या पारी, जातं घुमतं घरात
गोरक्ष माझा गं, दिवा देवाच्या दारात

गोरक्ष म्हणजे तिचा भाऊ. तीस वर्षं रंगनाथ घोंगडीखाली पडून वाट बघत होता, आज तरी एखादी ओवी आपल्यावर येईल. भाऊ आला, बाप आला, दारची म्हैससुद्धा एकदा येऊन गेली. हा काही आला नाही.

"म्हशीला ओवी आन मला न्हाई व्हय?"

"म्हशीचं नाव घेता येतं," ती म्हणायची. "तुमचं लग्नात उखान्यात घेतलं, तेवढं बास."

तर त्या दिवशी पट्टा चढला, पीठ पडू लागलं, आणि पुक्-पुक्च्या आतून बाईचा गळा निघाला. रंगनाथ स्वतःशीच हसला. या वयात कान चेष्टा करायचेच. पण दळणाला आलेल्या बायाही बोलायच्या थांबल्या होत्या.

दुष्काळ पडला गं, माती टाकिते बांधाला
माझ्या गं गोरक्षाचा, हात माझिया खांद्याला

ओळ संपली की छबूबाई एक श्वास थांबायची, जात्यात मूठ वैरायला. गिरणीला कसली मूठ? पण तीही थांबली.

"पट्टा सैल झालाय, तात्या. दुसरं काय न्हाई," सूर्यभान म्हणाला. पट्ट्याकडे मात्र त्यानं बघितलं नाही.

पुढल्या खेपेला साळूबाईही गिरणीवर येऊन ऐकून गेली. घरी म्हणाली, "आवाज तिचाच. पन ती गेली तवा हिरींना पानी हुतं, भावजी. दुष्काळाची ओवी तिला कुठली?"

चौथ्या आठवड्यात नाव आलं.

पहाटंच्या पारी, जातं घुमतं घरात
रंगनाथ माझा गं, दिवा देवाच्या दारात

रंगनाथ पिठाच्या डब्यापाशी उकिडवा बसला आणि सगळ्या बायांदेखत रडला.

"तिनं जीभ चावली असती, पन नाव घेतलं नसतं," साळूबाई म्हणाली. "ही ती न्हाई."

"ठावं हाय मला."

"मग?"

"मग काय, वहिनी. गोड लागतंय."

मिलो संपली. रंगनाथ पीठच घेऊन गेला.

"तात्या, दळलेलं दळण दळायला आनलं?"

"बारीक पायजे."

दुसऱ्या दिवशी तेच पीठ पुन्हा. त्याच्या पुढल्या दिवशीही. शेवटी ते फुंकरीनं उडायला लागलं, भाकरी हातात फुटायला लागली. गळा मात्र दर खेपेला जास्तच गोड. ओव्या नव्या, नाव एकच. भाऊ, बाप, म्हैस, कुणी उरलं नाही.

एका दुपारी ओट्यावर बसून त्यानं छबूबाईचा घरातला आवाज आठवून बघितला. आवाज आला; मागं पुक्-पुक् घेऊन. ते काढून बघितलं, तर आवाजच गेला.

तो तसाच उठून आत साळूबाईकडं गेला.

"वहिनी, तिची एक म्हना. जुनी. भावावरची."

साळूबाईनं रिकाम्या जात्याचा खुंटा धरला. वरचा दगड फिरला.

पहाटंच्या पारी, जातं घुमतं घरात
रंगनाथ माझा गं...

"वहिनी! गोरक्ष म्हना की."

साळूबाई एक श्वास थांबली. रिकामी मूठ जात्याच्या तोंडाशी तशीच.

"कोन गोरक्ष?"

रंगनाथानं सांगायला तोंड उघडलं.

ते उघडंच राहिलं. जिभेवर नाव होतं; ते कुणाचं, तेच सापडेना.