राणीच्या पोटातला कापूस

दुर्गाबाईंच्या घरी केराच्या टोपलीला फारसं काम नसे. हाराचा उरलेला दोरा, साबणाचे तुकडे, एकटं पडलेलं बटण, सगळ्याची जागा ठरलेली आणि सगळ्याची मोजदाद बाईंच्या डोक्यात. त्यामुळे सुनेनं, रागिणीनं, एका जुन्या बाहुलीच्या पोटातला कापूस काढून पेपरावर टाकला, तेव्हा बाई लगेच हजर.

"फेकून राहिली का व तू?"

"चाळीस वर्साचा हाय, आत्याबाई."

"मंग? आपल्या हिवरखेडच्या वावरातला व्हय. वाती व्हतील."

बाहुल्या तीन: शिपाई, राजा आणि राणी. दिवाळीच्या सुटीत टीव्हीवर त्यांचा खेळ लागे, तेव्हा जठारपेठेतली पोरं फराळ सोडून टीव्हीवाल्या घरी दाटीनं बसत. रागिणीही त्यांतलीच. बाहुल्या केल्या होत्या तिच्या सासऱ्यांनी, देवरावांनी, आणि तिघांचे आवाजही त्यांचेच. लकवा झाल्यापासून, तीन वर्षं, त्याच माणसाच्या तोंडून साधा हुंकार नव्हता. बाहुल्या पाहून ते बोलतील, या एका आशेवर रागिणी गिऱ्हाइकांच्या महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांचं काम बाजूला सारून टाके घालत होती. शिपाई नवा झाला. तिनं तो समोर धरला. देवरावांनी भिंतीकडे पाहावं तसं पाहिलं.

तिन्हीसांजेला बाईंनी देवापुढे शिपायाच्या कापसाची वात लावली.

"कोण आहे रे तिकडे? लाडू किती खाल्ले, खरं सांग!"

आवाज आतल्या खोलीतून आला. शिपायाचाच, घोगरा. रागिणी सुई हातात घेऊनच धावली. देवरावांचे ओठ हलत होते. ती आठ वर्षांची होऊन दारात उभी राहिली. हात कधी जोडले गेले, तिला कळलं नाही.

वात विझली. वाक्य अर्ध्यावरच तुटलं.

शिपाई चार दिवस पुरला, राजा पाच. मधे एकदा दुकानातल्या कापसाची वात लावून पाहिली, खोली गप्पच.

"हे बोलणं बाहुल्याइचं व्हय," बाई म्हणाल्या. "जलमभर दुसऱ्याच्याच आवाजात बोलले. मले याइचा सोताचा बोल आयकाचा हाय. एक डाव तरी."

राणी उरली होती. रागिणीनं शिवण उसवली. सडपातळ बाहुली, कापूस एका वातीपुरताच निघाला. दिवा देवरावांच्या उशाशी ठेवला.

राणीचा नाजूक आवाज आलाच नाही.

"दुर्गे."

पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं नाव घेतलं नव्हतं. आवाज खोल होता, थकलेला, त्यांचा.

बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"दुर्गे, अजून..."

वात विझली.

रागिणीनं पदरानं त्यांच्या ओठांचा कोपरा पुसला. पांढरा तंतू चिकटला होता. तिनं ओढला. तो आला. आणखी ओढला. हातभर आला, मऊ, कोरडा. तुटेना.

"आत्याबाई..."

बाईंनी डोळे पुसले. जवळ सरकल्या. तंतूचं टोक हलकेच बोटांत धरलं आणि मांडीवर वात वळायला घेतली.