दोन बोटांपुरती जागा

दार ओढून घ्या आणि बसा नीट. तू हसतोयस ना, हस. अजून मिसरूड फुटलं नाही तुला, वस्तऱ्याची धास्ती तुला काय कळणार?

ज्याच्या बाबतीत हे घडलं त्या सलूनवाल्याला आम्ही मखमल म्हणायचो. हात असा, की खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. तीस वर्षांत कुणाच्या गालावर ओरखडा नाही, की नंतर आग नाही. माझी दाढी तोच करायचा.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेदहा. तो शटर ओढत होता आणि वहिनीचा फोन आला. त्याचा थोरला भाऊ त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमधून घरी आला होता. रात्रभर तोंडावर श्वासाच्या यंत्राचा मास्क लावायचा, पण वाढलेल्या दाढीमुळे तो नीट बसेना. कडेनं हवा निसटत होती आणि दादाला धाप लागत होती. दाढीची मशीन फिरवून पाहिली, तर खुंट तसेच राहिले आणि गाल लालबुंद झाले. वर रक्त पातळ करायची औषधं चालू. जरा कापलं तरी रक्त थांबणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"भावजी, तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी यांना हात लावू देणार नाही," वहिनी म्हणाल्या.

मखमल हो म्हणाला. म्हणायचं होतं नाही. गेले सहा महिने त्याच्या उजव्या हाताला कापरं भरत होतं, आणि ते त्यानं बायकोलाही कळू दिलं नव्हतं. कंबर धरलीय असं सांगून तो दाढ्या टाळायचा. पण सख्ख्या भावाला काय सांगणार?

दादा उशांना टेकून बसला होता. मखमलनं गरम टॉवेल चेहऱ्यावर ठेवला, निवला की दुसरा ठेवला. केस मऊ पडेपर्यंत वस्तऱ्याला हात लावायचा नाही, ही त्याच्या उस्तादाची शिकवण. हा उस्ताद मोठा खवीस माणूस. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती, तरुणपणी वस्तऱ्यानंच गेलेली. शिकाऊ पोरामागे उभा राहून तो त्याच डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गिऱ्हाइकाच्या जबड्याखाली लावून कातडं ताणून धरायचा. पोरगा चुकला की उजव्या हातानं त्याचं मनगट पकडायचा. त्याला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

गाल निभावले. केसांच्या कलानं, वरून खाली, अजिबात न दाबता. वहिनी गरम पाणी आणायला आत गेल्या आणि गार वारा नको म्हणून दार लोटून गेल्या.

"तू आहेस म्हणून डोळे मिटून पडलोय बघ," दादा पुटपुटला.

आता गळा राहिला होता. मखमलनं वस्तरा टेकवला आणि हात लटलटायला लागला. त्यानं दात घट्ट आवळले. हात ऐकेना. आणि नेमका तेव्हाच खोलीतला दिवा गेला.

काळोख.

दिवा गेला तर आधी वस्तरा उचलायचा. त्यानं उचलायला पाहिलं.

उचलेना.

मनगट कुणीतरी धरलं होतं.

वहिनी... असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. हातातलं पातं सरकायला लागलं. खालून वर. गळ्यावरून, केसांच्या उलट. जे उस्तादानं जन्मात कुणाला करू दिलं नव्हतं, ते.

खर्र... खर्र...

खाली भावाचा गळा. त्याला ठोका जाणवत होता. पात्याखाली.

तो मनातल्या मनात नको नको म्हणत राहिला. दुसरं काही हातात नव्हतं. हातही नव्हता.

खर्र...

मग काहीच नाही...

दार उघडलं. स्वयंपाकघरातला उजेड आत आला. वहिनी पाण्याचं भांडं घेऊन दारातच होत्या. मखमलनं दादाच्या गळ्याकडे पाहिलं. लहान मुलासारखा स्वच्छ. रक्ताचा थेंब नाही, लाली नाही. वस्तरा जमिनीवर पडला.

दादानं डोळे उघडले. "कातडं ताणून धरायला कुणाला आणलं होतंस रे? बोटं किती गार त्याची."



मास्क चपखल बसला. दादा त्या रात्री शांत झोपला आणि हळूहळू उठून हिंडू-फिरू लागला. मखमलनं सलून विकलं. कापरं तसंच आहे. तो ते कुणापासून लपवत नाही, पण वस्तरा दिसला की रस्ता बदलतो.

दादाला मी परवाच भेटलो. दाढी वाढलीय, पांढरी, चांगली दाट. फक्त डाव्या जबड्याखाली त्या रात्रीपासून केस उगवलाच नाही. दोन बोटांपुरती जागा, गुळगुळीत.

एक बोट पुरं आहे. दुसरं अर्धं.