पाच मिनिटांचं इंजेक्शन

लातूरच्या दवाखान्याच्या दारातच राजकन्यानं श्रीशैलला गाठलं. औषधाचा थंड डबा पोचवून तो परत निघाला होता...

“हे तुमी आणलं?”

“हाव. नांदेडहून. काय झालं?”

“शिरेतून द्यायचं औषध आणलंय! माझ्या आईच्या हाताला एक शीर उरली न्हाई. कातडीखाली द्यायचं लिहिलं होतं. वाचता येत न्हाई?”

रेणापूरहून आलेली तिची आई, नागाबाई, बाकावर बसली होती. कॅन्सरच्या सुयांनी तिचे हात काळेनिळे झाले होते. औषध एकच, बाटल्या दोन प्रकारच्या. अदलाबदल गोदामात झाली होती. श्रीशैल तसं म्हणाला नाही. नांदेडला फोन लावून त्यानं दुसरी बाटली अहमदपूरपर्यंत मागवली, मोटारसायकलनं जाऊन दोन वाजता घेऊन आला.

नर्सनं मांडीत इंजेक्शन दिलं. पाच मिनिटं!

“झालं?” नागाबाईला खरंच वाटेना.

राजकन्याचे डोळे भरले, म्हणून ती जास्तच चिडली. “एवढं औषध कातडीखाली मावलं कसं?”

“कातडीखाली चिकट थर असतो,” श्रीशैल म्हणाला, “हायलुरोनिक ॲसिडचा. माणसाच्या अंगातलंच एक एन्झाइम प्रयोगशाळेत बनवून यात घातलंय. ते हा थर तोडतं, औषधाला वाट देतं. एक-दोन दिवसांत थर परत होता तसा...”

“एवढं कळतं, मग बाटली बघायला काय झालं होतं?”

तो हसला. त्या हसण्याचाही तिला राग आला.

दर तीन आठवड्यांनी एक, अशी अठरा इंजेक्शनं. ती दर वेळी भांडायची — उशीर का केला, जेवला का न्हाई... तेराव्या वेळी डबा दुसऱ्याच माणसानं आणला. श्रीशैल तापानं पडला होता. त्या दिवशी ती आईवर, नर्सवर, बसच्या कंडक्टरवर चिडली. राग कशाचा होता ते घरी पोचल्यावर तिला उमगलं, आणि मग ती स्वतःवर चिडली.

अठरावं इंजेक्शन झालं.

“आता... माझं येणं न्हाई,” तो म्हणाला.

“मंग?”

“मंग काही न्हाई.”

“काही न्हाई? वर्षभर भांडत राहिले, ते काय डब्याशी?”

तो खाली बघत म्हणाला, “लातूरचं काम दिवाळीतच दुसऱ्याला दिलंय. तुमच्या आईचा डबा तेवढा मी मागून घेत होतो.”

“आन् हे आज सांगताय?” तिचा आवाज चिरकला. त्याच्या हातातला डबा हिसकावून तिनं बाकावर आदळला, आणि रिकामा झालेला तो हात घट्ट धरला. “चला. आईला सांगा. तुमच्या तोंडानं!”