ठमीच्या वाटेत

तो पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या गाडीची वाट अडवून उभा होता, आणि वर मलाच जाब विचारत होता, "हिचा ड्रायव्हर कुठंय?"

"ड्रायव्हर मीच," मी चाचणीपट्टीच्या कडेवरून म्हटलं. "फक्त आत बसत नाही."

ठमी म्हणजे आमची बिनचालकाची गाडी. मोठ्या रुग्णालयाच्या आवारात औषधं पोचवायला बनवलेली, टेबलाएवढी आणि महाहट्टी. तो डावीकडे सरकला, तर तीही तिकडेच. तो उजवीकडे, तर तीही उजवीकडे. शेवटी दोघंही दमून थांबली. समोरच्या माणसाला चुकवायचं कसं, हे मी तिला शिकवलं होतं. समोरचाही तिला चुकवायला बघेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चूक माझीच, पण तो हसला इतका छान, की मला लाज वाटायची राहूनच गेली.

तो वरच्या मजल्यावरचा. अवकाशात दोन यानं एकमेकांना जोडताना कुठे वळायचं, किती वेगाने जायचं, ते ठरवणारे प्रोग्रॅम लिहायचा. आमच्याकडे त्याचं नाव पडलं उपग्रह, कारण दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो आमच्या पट्टीभोवती घिरट्या घालू लागला. ठमीसमोर आडवं जायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, चष्म्यावरून नुसत्या बघायच्या.

"यानं जोडायला किती वेळ लागतो हो?" मी एकदा विचारलं.

"जितकं जवळ, तितकं हळू. शेवटच्या हातभर अंतरात तर... गोगलगाय बरी."

"ते बघतेच आहे मी."

त्याचे कान लाल झाले.

मग परीक्षेचा दिवस उजाडला. पास झाली तर ठमी रुग्णालयात जाणार, नाहीतर कायमची गोदामात, आणि तिच्याबरोबर माझं एवढ्या वर्षांचं काम. पाणी मारून पट्टी ओली केली होती. माणसाऐवजी तिच्यासमोर आडवा जाणारा चाकांवरचा पुतळा ऐन वेळी अडून बसला, तेव्हा परीक्षक म्हणाले, वेग कमी ठेवा, माणूस चालेल. उपग्रह लगेच पुढे झाला. गाडी थांबवायचं बटण माझ्या हातात होतं. नियम साधा होता: ठमीने स्वतःहून थांबायचं. मी बटण दाबलं, की नापास.

मला ठमीची पुरेपूर खात्री होती. तरी तो तिच्यासमोर आला, ओल्या पट्टीवर त्याचा पाय जरासा सरकला... आणि मी बटण दाबलं.

परीक्षकांनी पडद्यावर नोंद पाहिली. ठमीने माझ्याआधीच ब्रेक लावला होता. मग दाबलंत का, त्यांनी विचारलं.

काहीतरी थाप मारता आली असती, पण तो माझा स्वभाव नाही. "समोर हा होता म्हणून," मी म्हटलं. "गाडीवर माझा पूर्ण विश्वास आहे. ह्याच्यापुढे माझं डोकं चालत नाही."

मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. परीक्षक खाकरले, आणि बटण दुसऱ्या कुणाकडे देण्याच्या अटीवर त्यांनी आणखी एक संधी दिली. मी ते उपग्रहाच्या हातात कोंबलं आणि स्वतःच पट्टीवर गेले.

ठमी आली. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, नाकासमोर चालत राहिले. ब्रेक करकरला आणि ती गुमान उभी राहिली. परीक्षकांनी मान डोलावली. पास!

वळून पाहते तर त्याचे दोन्ही हात रिकामे.

"बटण कुठंय?"

"मॅडमना दिलं. माझ्याकडे असतं तर... ठमी निघायच्या आधीच दाबलं असतं." तो पट्टीवरून माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक पडला होता. "तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून."

'तू' असं तो पहिल्यांदाच म्हणाला. त्याचा हात अजून थरथरत होता. परीक्षकांच्या देखत मी तो हातात घेतला, थरथर थांबेपर्यंत सोडला नाही... आणि थांबल्यावरही नाही.