साहेबांचा षटकार

"आजचा दिवस इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाणार!" बॅट उंचावून कप्तानने जाहीर केलं. सुट्टीतल्या संघाची ती कप्तान, कारण बॅट तिची होती. पुढच्याच चेंडूवर तिने असा टोला हाणला, की चेंडू सरकारी दवाखान्याच्या नव्याकोऱ्या छपराच्या माथ्यापलीकडे गेला आणि इतिहास तिथेच थांबला. चेंडू एकच होता.

"मागच्या बाजूने घरंगळेल, धावा!" तिचा चुलतभाऊ भोपळा ओरडला.

पण कौलांचा खडखडाट झालाच नाही. आतून आवाज आला, 'डुबुक!'

"छपरावर पडलेला चेंडू पाण्यात कसा पडेल?" शेजारची चष्मिस पुटपुटली.

कप्तान मागच्या झाडावर चढली आणि बघतच राहिली. रस्त्याकडची कौलं झकास. मागची बाजू सताड उघडी! खाली खोलीभर पावसाचं पाणी. वर्षानुवर्षं ओसाड पडलेली ही इमारत दुरुस्त करायला सरकारने भरघोस अनुदान दिलं होतं. कंत्राटदाराने दुरुस्त केलं ते फक्त तिचं तोंड.

"आत्याला सांगूया का?" भोपळ्याने विचारलं.

"आत्या सांगून सांगून दमली. तालुक्याचे साहेब म्हणतात, फोटोत छान दिसतंय!"

आत्या दवाखान्यातली नर्स. सध्या तिचा दवाखाना शाळेच्या जिन्याखाली. पोट दुखतं म्हणून आलेला माणूस जाताना कपाळाला टेंगूळ घेऊन जायचा. उद्या साहेबांनी फीत कापून 'काम पूर्ण' म्हणून सही केली, की कंत्राटदार मोकळा आणि आत्या जन्मभर जिन्याखाली!

दुसऱ्या दिवशी साहेब आले.

"आत रंग ओला आहे हं, इथूनच कापा," कंत्राटदार हात चोळत म्हणाला. साहेबांनाही तेच बरं वाटलं. बूट नवे होते.

कप्तान पुढे झाली. "साहेब, तुम्ही म्हणे कॉलेजात षटकार मारायचात?"

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पण पोट सुटलेल्या प्रत्येक माणसाने तरुणपणी षटकार मारलेले असतात, हे तिला बाबांमुळे माहीत होतं.

"कोण म्हणालं?" साहेब लाजले. "म्हणजे... मारायचो!"

"मग या छपरापलीकडे जाईल?"

"नको नको! कौलं फुटतील!" कंत्राटदार किंचाळला.

"पलीकडे म्हणतेय ती," म्हणत साहेबांनी कोट भोपळ्याच्या अंगावर टाकला.

चष्मिसने उसना आणलेला चेंडू अगदी प्रेमाने टाकला. साहेबांनी डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू छपरावरून गेला आणि...

'डुबुक!'

"कंत्राटदार," साहेब सावकाश म्हणाले, "आत तळं बांधलंत?"

"साहेब, रंग..."

"ओला आहे. कळलं."

साहेब दार ढकलून आत शिरले. बाहेर आले तेव्हा बूट जुने झाले होते. फीत कापली गेली नाही, सहीही झाली नाही. अनुदानाचा उरलेला हप्ता अडल्याबरोबर कंत्राटदाराच्या अंगात असा उत्साह संचारला, की सुट्टी संपायच्या आत दवाखान्यावर दोन्ही बाजूंचं छप्पर चढलं!

या खेपेला साहेब आधी आत गेले, मान वर करून फिरले, मगच फीत कापली. आत्याने ताठ उभं राहून पहिली मलमपट्टी केली. "मी एवढी उंच आहे, हे विसरलेच होते गं!" म्हणत तिने कप्तानला जवळ घेतलं. कप्तानची छाती एवढी फुगली, की शेजारी भोपळा बारीक दिसायला लागला.

"आपल्या सर्वांची ही वास्तू या मुलांनी वाचवली!" साहेबांनी जाहीर केलं. "मलाही डोळे उघडायला लावले. बोला कप्तान, काय हवं? मागाल ते मिळेल!"

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी कान टवकारले.

"साहेब," कप्तान म्हणाली, "तुमची गाडी तेवढी बाजूला घ्या ना. पिचवर उभी आहे."