आधी फळी, मग शिडी

छोट्या आगगाड्यांच्या भर प्रदर्शनात, अर्ध्या अल्टूना गावासमोर, त्या परक्या माणसानं माझा मालडबा रुळावरून उचलला. त्याचे डोळे निळे आहेत हे मला दिसलंच नाही. खरं सांगू? दिसलं... पण रागानं.

"हा चालणार नाही," तो म्हणाला.

डबा वीतभरच, पण खेळणं म्हणाल तर खबरदार! आमच्या क्लबच्या रुळांवर कायम १९६९ चा ऑक्टोबर असतो. त्या काळाशी न जुळणारा डबा कुठल्याही सभासदानं उचलावा. चूक खरी ठरली, तर वर्षभर तो डबा घरी. मी अख्खा हिवाळा खपले होते. बाजारातला तयार डबा घेऊन त्याचं छत खरवडलं, भोकं बुजवली, बारीक तारेच्या कड्या वळवल्या. आणि गंज... तो तर खास माझ्या हातचा! इथे आजवर एकाही बाईचा डबा धावला नव्हता.

"काय चुकलं म्हणे?" मी कमरेवर हात ठेवले.

"छतावरची चालायची फळी काढलीत, ठीक. पण शिडी तशीच वरपर्यंत? छतावर जायचंच नाही, तर शिडी कशाला? अर्धवट काम."

"अर्धवटच! नाव काय आपलं?"

"एमेट. नवीन सभासद आहे."

"तेच म्हटलं. तर एमेटसाहेब, छतावर चढायला बंदीचा सरकारी हुकूम निघाला आणि देशातले सगळे डबे एका दिवसात कारखान्यात गेले वाटतं? आधी फळी निघाली. शिडी कापायची, ती डबा मोठ्या दुरुस्तीला येईल तेव्हा. मधली कितीतरी वर्षं डबे असेच धावले... अर्धवट!"

"लेनोराचं बरोबर आहे," अध्यक्ष ऑर्विल डोनट चावत म्हणाले. "मी पाहिलेत तसे."

एमेट कानापर्यंत लाल झाला. आता हा काढता पाय घेणार, मला वाटलं. पण त्यानं डबा जपून रुळावर ठेवला, थेट इंजिनामागे, पहिल्या मानाच्या जागी.

"चूक माझी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "डबा अगदी बरोबर आहे."

गाडी निघाली. माझा डबा सगळ्यांच्या पुढे! अभिमानानं ऊर नुसता भरून आला.

"माझ्या सगळ्या डब्यांच्या शिड्या मी कापल्यात," तो हळूच म्हणाला.

"सगळ्या? अरे देवा!"

"परत बसवायला... शिकवाल?"

"शिकवीन. पण तोंड बंद ठेवावं लागेल."

"जमेल... बहुतेक." तो घुटमळला. "खरं म्हणजे, चूक काढायला नव्हताच उचलला मी. इतकं सुबक काम कुणाच्या हातचं, ते बघायचं होतं. मग शिडी दिसली, आणि... जीभ घसरली."

"हात बघायचे होते, तर डबा कशाला उचललास, वेड्या?"

'तुम्ही' कधी गळालं, कळलंच नाही. मी हात पुढे केला. नखांत गंजाचा रंग, बोटांना गोंद.

"बघ."

त्यानं तो हातात घेऊन पाहिला. सोडला मात्र नाही... आणि मीही काढून घेतला नाही.